कोडोलीचं करपलेलं आदण

मी कोल्हापूरला निघाले आहे हे कळल्यावर धुळ्यात आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने काही ना काही आणायला सांगितलं. शेजारच्या वहिनींना चपला हव्या होत्या, त्यांच्या सासूबाईंना गूळ, वरच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना तिखट चटणी. "आणि तू कशाला चाललीस?" असं विचारणारं मात्र कुणी नव्हतं. ते बरंच झालं. वीतभर उंचीचा एक काशाचा समुद्रदेव बघायला मी दीड दिवस एसटीत बसणार आहे, हे ऐकून लोकांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली असती.

खरं कारण जरा नाजूक होतं. मी कॉलेजात इतिहास शिकवायची. रोमन साम्राज्याच्या प्रांतांतल्या लहान शहरांवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक पुस्तक लिहीत होते. ही शहरं स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त माल कशी बनवत आणि तो दूरदूर कसा पोचवत, हे त्यातलं शेवटचं प्रकरण. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते माझे सर पुस्तक तपासत होते. त्यांनी ते प्रकरण परत पाठवलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं, "वरकड उत्पादन, वरकड उत्पादन असं पानोपानी लिहिलं आहेस. एकही माणूस दिसत नाही. महिनाअखेर नवं प्रकरण दे, नाहीतर हे वगळू." मी चिडले. दोन दिवस सरांना मनातल्या मनात सडेतोड उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी प्रकरण पुन्हा वाचलं आणि मुकाट्याने रजेचा अर्ज लिहिला.

कोल्हापूरच का, तर तिथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत, पंचगंगेच्या काठी, रोमन वस्तू सापडल्या आहेत, तो समुद्रदेवही त्यांतलाच. इतक्या लांबून आलेला माल डोळ्यांनी पाहिला की काहीतरी सुचेल, असं मला वाटलं होतं. ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या एका जानेवारीतली आहे. तेव्हा माझ्या बोलण्याला लगाम नव्हता. आताही फारसा नाही.

एसटी सकाळी कोल्हापुरात शिरली तेव्हा थंडीने बोटं आखडली होती. चहाच्या शोधात गंगावेशीत आले तर तिथे ओळीने म्हशी उभ्या आणि त्यांच्याभोवती हातात पेले घेतलेली माणसं. एका गवळ्याने मला हाक मारली.

"पावणं, कुठनं आलासा?"

"धुळ्याहून."

"लई लांबनं आलासा की! मग ल्हान पेला न्हाय चालायचा."

त्याने मोठा पेला म्हशीखाली धरला आणि थेट त्यातच धार काढली. फेसाचा डोंगर झालेलं ते कोमट दूध त्याने माझ्या हातात दिलं. मला दूध आवडत नाही, हे मी सांगणार होते. पण तो कमरेवर हात ठेवून समोर उभा होता. प्यायले, ओठांवरची मिशी पुसली, आणि स्वतःलाच नवल वाटावं असा दुसरा पेला मागितला.

तिथून टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात गेले. समुद्रदेव कपाटात उभा होता. एक हात उंचावलेला, शरीर किंचित वळलेलं, आणि चेहऱ्यावर आपण कुठे येऊन पडलो याची जराही खंत नाही. मी वही काढली, पुढून पाहिला, बाजूने पाहिला, वाकून पाहिला. फार सुंदर होता. पण तासाभरात वहीत एक ओळही उतरली नाही. तो कुणी ओतला, कुणी गलबतात ठेवला, कुणी बंदरातून घाट चढवून इथे आणला, यातलं तो काही सांगेना. माझ्या प्रकरणासारखाच तो, देखणा आणि मुका.

दाराशी स्टुलावर बसलेले पहारेकरी, गणपतराव, इतका वेळ मला बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सकाळधरनं त्येच्याम्होरं हुबं हायसा. बोलला का काय?"

मला हसू आलं आणि रडूही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दक्षिण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, एका लहानशा गावात कुंभार तांबड्या चकचकीत थाळ्या करायचे. इतक्या, की त्या समुद्र ओलांडून जायच्या, सैन्याच्या तळांवर जायच्या. स्पेनमधून तेलाचे रांजण जायचे, त्यांच्या खांद्यावर मजकूर लिहिलेला असायचा. हे सगळं मला पाठ होतं. पण दिसत नव्हतं.

गणपतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तयार माल बघून काय कळतंय? माल हुतोय तितं जावा की. माजी भन हाय कोडोलीला, अक्काताई. तिचं मालक तात्या. त्येंच्या उसाची उद्या गुऱ्हाळाला पाळी हाय. मी चिठ्ठी देतो."

कोण कुठली मी. पण त्यांनी तिकिटाच्या कोऱ्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या आणि कुठली एसटी पकडायची तेही तीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोडोलीचा रस्ता धरला. डावीकडे जोतिबाचा डोंगर धुक्यात होता, दोन्हीकडे ऊस, आणि उसाने भरलेल्या बैलगाड्यांमागे आमची एसटी निमूट चाललेली. फाट्यावर उतरले आणि वाट विचारायची गरजच पडली नाही. नाक जिकडे नेईल तिकडे गेले.

गुऱ्हाळ म्हणजे एक उघडं छप्पर. एका बाजूला इंजिनावर चालणारा घाणा, मधे जमिनीत खणलेलं चुलवाण आणि त्यावर काहील (रस उकळायची भलीमोठी उथळ कढई). अक्काताई उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली नाही, मुलाखत घेतली नाही, आधी तांब्याभर रस हातात दिला. तो संपायच्या आत ज्वारीची भाकरी आणि तिच्यावर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक). "खावा, मग बोलू," त्या म्हणाल्या. बोलायचं नाही म्हटल्यावर मला भाकरी जरा जड गेली.

रस्त्याने जाणारा कुणीही तिथे येत होता, रस पीत होता, तांब्या भरून नेत होता. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. मी तात्यांना विचारलं, "असं सगळ्यांना देऊन मग विकायला उरतं का?"

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "दिल्यावरच उरतंय न्हवं. दारात आल्यालं माणूस तसंच पाठवलं तर त्यो गूळ पेठंला कुटल्या तोंडानं न्यायाचा?"

मग मला ती भिंत दिसली. छपराच्या मागच्या मातीच्या भिंतीवर कोळशाने ओळीने खुणा काढलेल्या. नांगर, तीन उभ्या रेघा, चांदणी, घागर. एकाच काहिलीवर सात-आठ घरांचा ऊस उकळायचा, आणि कुणाची पाळी कधी ते या खुणांनी ठरायचं. नांगर म्हणजे तात्या. तीन रेघा म्हणजे शिवाप्पा, उद्याची पाळी त्यांची. मी तिथल्या तिथे तात्यांना सांगू लागले. गॉलमधल्या त्या गावात अशीच एक मोठी भट्टी अनेक कुंभारांत मिळून असायची, आणि कुणाच्या किती थाळ्या आत गेल्या ते एका थाळीवरच टोकदार काडीने खरवडून ठेवायचे. त्या थाळीचं चित्र मी वर्गात कितीदा फळ्यावर काढलं होतं. इथे ती भिंतीवर होती आणि तिच्याखाली एक कुत्रं झोपलं होतं.

या सगळ्याचे मालक तात्या असले तरी राज्य होतं गुळव्याचं. रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा तो गुळव्या. दस्तगीरभाई साठीच्या आसपासचे, काटकुळे, पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. त्यांचे वडीलही याच काहिलीवर गुळवे होते. ते कुणाशी बोलत नव्हते. भेंडीचा चीक रसात सोडून वर आलेली मळी काढत होते आणि अधूनमधून जाळ घालणाऱ्याला नुसतं बोट दाखवत होते.

"भाई, घड्याळ नाही लावत?" मी विचारलंच.

"डोळं हायत की, बाई."

रस दाटू लागला. आधीची फसफस गेली, बुडबुडे मोठे आणि संथ झाले. काहिलीभोवतीची माणसं एकेक करून गप्प झाली. इंजिन थांबलं. अक्काताईसुद्धा बोलायच्या थांबल्या. पाक येताना गुळव्याशी कुणी बोलायचं नसतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी मात्र प्राध्यापक होते.

दस्तगीरभाईंनी ढवळायच्या फळीवरचा थेंबभर पाक पाण्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण आवाज आला. 'उतरा' म्हणायला ते तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "भाई, मला नीट कळलं नाही. पुन्हा एकदा दाखवाल?"

त्यांनी एकदा काहिलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पुन्हा फळी बुडवली, पुन्हा गोळी वळली आणि या खेपेला ती माझ्या तळहातावर ठेवली. "दाबून बगा." मी दाबली. वर आणखी विचारलं, की दोन्ही गोळ्यांत फरक काय. ते सांगू लागले, आणि हवेतला वास बदलला.

"भाई! उतरा!" तात्या ओरडले.

चौघांनी दांडे लावून काहील उतरवली, पाक वाफ्यात (गूळ निववायच्या खळग्यात) ओतला. पिवळाधमक यायचा तो काळपट तांबडा आला, जुन्या विटेसारखा. घोटेपर्यंत थिजू लागला. बादल्यांतून ढेपा काढल्या त्या तडकलेल्या.

"आख्खं आदण काळं क्येलंस की रं भाई!" तात्यांचा आवाज शेतापलीकडे गेला असेल. आदण म्हणजे एका वेळी काहिलीत उकळलेला रस, एका दिवसाची सगळ्यांची मेहनत. मग त्यांना माझी आठवण झाली आणि ते थांबले.

"माजं ध्यान हाललं, तात्या," दस्तगीरभाई म्हणाले. "माजी चुकी."

माझं नावही त्यांनी घेतलं नाही. तेवढ्यात बाजूला उभे असलेले शिवाप्पा पुढे आले. "तात्या, उद्या माजं आदण हाय. भाईस्नी आता दिसंना झालंय काय? दुसरा गुळव्या सांगून बगू काय?"

हे ऐकून दस्तगीरभाई टॉवेलने हात पुसत राहिले, पुसून झाले तरी. अक्काताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "एकानं भाईला सोडलं की भितीवरली समदी सोडत्यात, बाई. मग ह्यो म्हातारा कुटं जायाचा?"

मी ऐंशी पोरांच्या वर्गात न अडखळता बोलते. त्या दिवशी पहिल्याच शब्दाला अडखळले. म्हणाले, "चूक त्यांची नाही. त्यांना पाक कळला होता. पहिल्याच गोळीला कळला होता. मी पुन्हा दाखवा म्हटलं."

शिवाप्पा म्हणाले, "तुमी इचारलासा, बाई. पन ह्येनं दाखवायचं कशाला?"

"पावण्याला न्हाय कसं म्हनायचं?" दस्तगीरभाई एवढंच बोलले.

मग अक्काताईंचा आवाज आला. "शिवाप्पा, तू म्हनला असतास काय न्हाय?"

शिवाप्पांनी मान खाजवली. "न्हाय बा." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उद्या बाईस्नी त्या पल्याडच्या आंब्याखाली बसवा. तितनं किती बी इचारू द्यात." सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. "उद्याचं पिवळं आलं तर ठीक. न्हाय आलं तर मग म्होरलं बगू."

मी पर्स उघडली तशी अक्काताईंनी ती माझ्या हातातच मिटवली. तात्या तोवर निवळले होते. "ह्ये पेठंला न्हेऊन काय दाखवायचं? वाटून टाका." मग ढेपा फोडल्या. ऊस तोडणारी माणसं आली, लोहार आला, शाळेतून मास्तरांनी डबा पाठवला, एक ढेप देवळात गेली, एक दर्ग्यात. गूळ का वाटला जातोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. बायका पदरात तुकडे घेताना माझ्याकडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "च्याला झ्याक हाय!" मी एक खडा तोंडात टाकला. कडेला कडसर, पण मागाहून दाट गोड चव येणारा. मी मान खाली घालून दुसरा घेतला.

दिवस मावळायच्या सुमारास चुलवाणाजवळ बसलो होतो, तेव्हा दस्तगीरभाईंनी विचारलं, "तुमच्या त्या कुंभारांच्यात बी पाळी असायची म्हनं?" तात्यांनी त्यांना भिंतीचं सांगितलं होतं. मी भट्टीचं सगळं सांगितलं. थाळ्यांच्या तळाशी कुंभार आपल्या नावाचा शिक्का मारत, म्हणून दोन हजार वर्षांनी त्यांची नावं कळतात, हेही.

"आन बिगडलं तर?"

"खड्ड्यात टाकत. तिथे एक खड्डा सापडलाय, हजारो बिघडलेल्या थाळ्यांचा. त्यावरूनच तर कळतं की माल तिथे बनत होता. चांगला माल गावात राहतच नाही, जगभर जातो."

त्यांनी काडीने निखारे सारले. "मातीचं हुतं. खाऊन संपवता येत न्हवतं. आमचं बरं हाय." मग हळूच विचारलं, "त्या खड्ड्यातलं कुणाच्या चुकीनं बिगडलं, त्ये घावलं काय?"

"नाही. ते काही लिहून ठेवलेलं नाही."

"बरं क्येलं," दस्तगीरभाई म्हणाले.

रात्री अक्काताईंकडे मुक्काम केला. झोप कसली येते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आंब्याखाली होते. तिथून छपरातला धूर दिसायचा, माणसं बोटाएवढी दिसायची. वही उघडली नाही. इंजिन थांबलं, माणसं गप्प झाली हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं, आणि मीही आंब्याखाली एकटी असून तोंड गच्च मिटून बसले. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प राहिले नसेन. मग काहील उतरली. कुणी ओरडलं नाही. बऱ्याच वेळाने शिवाप्पा स्वतः बांधावरून चालत आले, त्यांच्या तळहातावर गुळाचा गरम खडा होता, हळदीसारखा पिवळा.

"बगा," ते म्हणाले. "आता बोलाय हरकत न्हाय."

मी तो खडा तोंडात टाकला. छपरात गेले तर दस्तगीरभाई पुढच्या आदणासाठी काहील घासत होते. भिंतीवर तीन रेघांच्या पुढची चांदणी, घागर, सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या.

निघताना शिवाप्पांनी त्यांच्या गुळातली एक अख्खी ढेप माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, "नको. मला कालचा द्या." अक्काताईंनी काळ्या गुळाचे तुकडे फडक्यात बांधले आणि वर चटणीची पुडी ठेवली. दस्तगीरभाई फाट्यापर्यंत पोचवायला आले. एसटी आली तेव्हा त्यांनीच हात दाखवून ती थांबवली.

धुळ्याला परतल्यावर शेजारच्या सासूबाईंनी गूळ पाहून नाक मुरडलं. "हा कसला गं कोल्हापुरी गूळ?" चार दिवसांनी त्यांनीच आणखी आहे का म्हणून विचारलं. वहिनींच्या चपला मात्र साफ विसरले होते.

प्रकरण आठ दिवसांत लिहून झालं. या वेळी त्यात भट्टीपाशी पाळीची वाट बघणारी माणसं होती, शिक्का मारणारा होता, थाळ्या गवतात बांधून नदीवर नेणारा होता. आणि तो खड्डा होता. आधीच्या प्रकरणात त्याला मी 'टाकाऊ मालाचा साठा' असं म्हणून एका ओळीत उरकलं होतं. आता त्याच्या काठावर मी एक माणूस उभा केला, टॉवेलने पुन्हा पुन्हा हात पुसणारा. हे त्या काळाचं अनुमान आहे, असं तळटीपेत प्रामाणिकपणे लिहिलं.

सरांनी प्रकरण ठेवलं. फक्त आभाराच्या पानावरच्या एका वाक्याखाली लाल रेघ ओढली. मी लिहिलं होतं, "कोडोलीच्या गुऱ्हाळातलं एक आदण माझ्या बोलण्यामुळे करपलं, त्यात गुळवे दस्तगीरभाई यांची चूक नव्हती." सरांनी समासात विचारलं होतं, रोमन इतिहासाच्या पुस्तकात याची गरज काय?

मी उत्तर पाठवलं, "दोन हजार वर्षांनी कुणी विचारलं तर असावं म्हणून."

वाक्य तसंच छापलं गेलं. पुस्तकाची एक प्रत मी गणपतरावांच्या पत्त्यावर कोडोलीसाठी पाठवली. पुढच्या हंगामात त्यांचं कार्ड आलं. अक्काताईंच्या सुनेने ते पान गुऱ्हाळात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. भाईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाले होते, बाईंनी उगीच लिहिलं, ते तर आम्ही केव्हाच खाऊन संपवलं. कार्डाच्या शेवटी गणपतरावांनी लिहिलं होतं, की यंदा भिंतीवर दोन खुणा वाढल्या आहेत, गुळव्या तोच आहे, आणि आंब्याखाली तुमच्यासाठी बसायला एक दगड आणून ठेवला आहे.